गावंडे काकांचा नऊ तासांचा पॉइंट

गावंडे काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते वास्तुशांतीच्या दिवशी. एका हातात नारळ, आणि शर्टाच्या खिशातून डोकं काढून बसलेला टेस्टर. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी तो टेस्टर दाराजवळच्या बोर्डात खुपसला, मग देवघरातल्या विजेच्या समईला लावला, मग फ्रिजच्या दांडीला. फ्रिजपाशी टेस्टरमधला दिवा लागला तसे ते खूश झाले. "बाई, फ्रिजले अर्थिंग नाही तुमच्या. एखाद दिवशी दही काढ्याले जासान अन् वरच जासान." भटजी मंत्र म्हणायचे थांबले. माझ्या सासूबाईंनी त्या दिवसापासून दही खाणं सोडलं.

हा माणूस आमच्या सावली अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. अकोटच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवला, रिटायर झाल्यावर इकडे राहायला आले. त्यांच्या हाताखालची पोरं आज अर्ध्या वऱ्हाडात खांबांवर चढलेली आहेत. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मुलगी मीनल अकोल्याला कॉलेजात शिकवते. स्वतःचं म्हणाल तर वाहन एकच, सायकल, आणि तिच्याही डायनॅमोला काका दर रविवारी टेस्टर लावतात.

टेस्टर लावल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नाही. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, की हे म्हणणार, "टेस्टर लावला काय?" टीव्हीवरचा माणूस म्हणाला उद्या पाऊस, तरी तेच. आणि माझ्यासाठी तर खास वेगळा टेस्टर होता. मी सोसायटीची सेक्रेटरी. झाले कशी? मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचले. आमच्याकडे गैरहजर माणसालाच निवडतात. तर मी सोसायटीच्या नावानं काहीही बोलले की काका विचारणार, "ठराव कोणत्या पानावर हाय?" एकदा टाकी धुण्याचा ठराव मी दुसऱ्या दिवशी लिहिला आणि तारीख आदल्या दिवशीची टाकली. काकांनी तीन महिने माझं जगणं नकोसं केलं. "मागची तारीख टाकनं म्हंजे बिनाअर्थिंगचं काम हाय, बाई. दिसाले चालू, पन कधी झटका देईन सांगता येत नाही." दिवसभर शाळेत आठवीच्या पोरांना गणित शिकवून आलेल्या बाईनं हे ऐकून घ्यायचं. मी अगदी विटून गेले होते.

त्यात चांडकांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली.

चांडक तिसऱ्या मजल्यावर. कापडाचं दुकान, स्वभाव गोड, पण घाई फार. त्यांनी गाडी आणली आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक पिवळी वायर खाली सोडून गाडीला जोडली. सकाळी वायर हाताला गरम लागत होती. काकांनी ती पाहिली, टेस्टर काढला, परत ठेवला, आणि सरळ वर जाऊन चांडकांच्या घरचं मेन स्विच पाडलं. चांडक आंघोळीला बसले होते. गीझर बंद, पंखा बंद, डोक्याला साबण. तसेच टॉवेलवर बाहेर आले.

"काका, ये क्या तरीका है?"

"तुमी जिते रायले हा तरीका हाय," काका म्हणाले आणि खाली उतरले.

मग खाली गाडी चार्ज करायचा पॉइंट लावायचा म्हणून मीटिंगा सुरू झाल्या. एक, दोन, चार. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या आणि भांडायचं. पैसे कोण देणार यावर दोन मीटिंगा गेल्या. तळमजल्यावरच्या आजींचं म्हणणं, माझ्याकडे साधी काठी आहे चालायला, मी गाडीच्या विजेचे पैसे काहून देऊ? त्यावर काकांनीच तोडगा काढला. पॉइंटला वेगळा मीटर, कुलपाची पेटी, ज्याची गाडी त्याचं बिल, आणि मजुरी गावंडेंची, फुकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटले बाप्पा.

कुठलं सुटणं! चांडक म्हणाले, लावायचा तर फास्ट चार्जर लावू, तासाभरात गाडी तयार, जास्तीचा खर्च मी देतो. आणि काका उठून उभे राहिले.

"फास्ट नाही. साधा पंधरा अँपियरचा पॉइंट. नऊ तास लागतीन, लागू द्या."

"काका, जमाना फास्ट आहे."

"चांडकसाहेब, तुमी रोडगे खाल्ले न? गोवरीच्या इस्तवात रोडगा घातला अन् घाई केली त काय होते? वरून काळा, आतून कच्चा. बॅटरीचं तसंच हाय. रोडगा अन् बॅटरी दमानंच भाजा लागते."

आता हे शास्त्र कुठल्या पुस्तकातलं, देव जाणे. पण पार्किंगमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना रोडगे आणि वांग्याची भाजी आठवली आणि ते काकांच्या बाजूला गेले. मत घेतलं, पाच विरुद्ध पाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी स्लो पॉइंटला मत दिलं. खरं सांगते, त्यात बॅटरीचा काही संबंध नव्हता. फास्ट चार्जर म्हणजे बिल्डिंगचा लोड वाढवून घेणं आलं, अर्ज आला, वीज ऑफिसच्या पायऱ्या आल्या, आणि "साहेब जेवायला गेलेत" आलं. माझे गुडघे दुखतात. चांडक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मला तेवढाच आराम मिळाला.

काका मात्र दुसऱ्या दिवसापासून पहार घेऊन कंपाउंडमध्ये हजर. अर्थिंगचा खड्डा ते स्वतः खणणार. त्यात कोळसा आणि मीठ थरावर थर घालावं लागतं, म्हणून प्रत्येक फ्लॅटनं किलोभर मीठ द्यायचं असं त्यांनी फर्मान काढलं. चांडकांनी आयोडिनवाल्या मिठाचा पुडा पाठवला. काकांनी परत केला. "खडे मीठ पायजे. आयोडिन कायले? अर्थिंगले का गलगंड होते?"

मी शाळेतून आले तेव्हा ते कंबरभर खड्ड्यात उभे होते. पंच्याहत्तरीचा माणूस, बनियन घामानं चिंब. मला राग आला. म्हटलं, "काका, मरायचंय का? मजूर बोलवा. एवढा जीव कशाला टाकताय? गाडी तरी आहे का तुमच्याकडे?"

ते थांबले. पहारीवर दोन्ही हात ठेवले.

"मीनलपाशी हाय न. दिवाळीले आली होती. अडीच तास थांबली, बाई. जेवतानी सारखं मोबाइलात पाहे. बासष्ट टक्के हाय म्हने, बाबा, इथं चार्जिंग नाही, निघते मी."

"मग, बरोबरच आहे. अकोला शंभर किलोमीटर. वाटेत गाडी बंद पडली तर?"

"मी वायरमन हाय," काका म्हणाले. "बासष्ट टक्क्यात थे अकोल्याले जाऊन पुन्हा अर्ध्या रस्त्यापावतर वापस येते. मी हिशोब केला तिच्या समोरच, मनातल्या मनात." मग जरा थांबून म्हणाले, "घर खायले उठते तिले. माय नाही न घरात. आता थे सबब हाय का खरं हाय, ह्याले काही टेस्टर लावता येत नाही. म्हनून मी म्हटलं, सबबच काढून टाकू."

मी खड्ड्याच्या काठावर पर्स घेऊन उभी. नऊ तासांचा हट्ट कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. एका तासात भरणारी गाडी जेवण होईपर्यंत भरून गेली असती. नऊ तास म्हणजे मुक्काम. मला माझीच लाज वाटली. घरी जाऊन डब्यात होतं तेवढं सगळं खडे मीठ आणून दिलं.

पॉइंट लागला. काकांनी त्याला चौदा वेळा टेस्टर लावला. मीनलला फोन गेला, आणि ती शनिवारी येते म्हणाली. शनिवारी काकांनी सकाळपासून पेटीचं झाकण तीनदा पुसलं. मागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या पेटवल्या, रोडग्यांची कणीक मळून ठेवली, वांगी आणली. बाराच्या सुमाराला पांढरी गाडी फाटकातून आत आली तेव्हा काका वायर हातात घेऊन उभेच होते.

मीनल उतरली, वाकून पाया पडली. वायर पाहून हसली.

"नको बाबा. मूर्तिजापूरजवळच्या हॉटेलात आता फास्ट चार्जर लागलाय. चहा-नाश्ता होईपर्यंत भरली गाडी. अजून ऐंशी टक्के आहे. आता टेन्शनच नाही, चारला निघाले तरी दिवसाउजेडी घरी."

बिचारी आनंदानं सांगत होती.

"हव का?" काका म्हणाले. "चांगलं झालं मंग." आणि ते वायर गुंडाळायला लागले. एकतीस वर्षं पोरांना शिकवली तशी, एकावर एक सारखे वेढे घेत.

मी जिन्यापाशी कचऱ्याची बादली घेऊन उभी होते. मला ते बघवेना. मी बादली खाली ठेवली.

"मीनल, गाडी लावावी लागेल," मी म्हटलं. "सोसायटीचा ठराव आहे. बाहेरून फास्ट चार्ज झालेली गाडी इथं आली की ती एकदा स्लोवर लावायची, आणि लावली की सकाळी सहापर्यंत काढायची नाही. लोडचा प्रश्न असतो."

बावीस वर्षांत इतकं अडाणी वाक्य मी वर्गात कधी बोलले नाही. मीनल वायरमनची लेक. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांच्या हातातल्या वेढ्यांकडे, मग मागून येणाऱ्या गोवरीच्या धुराकडे. तिचे डोळे भरून आले होते, धुरानं असतील.

"ठराव आहे म्हटल्यावर काय करणार," ती म्हणाली. "द्या बाबा वायर."

मला वाटलं, आता काका विचारणार, ठराव कोणत्या पानावर हाय? कसलं पान आणि कसलं काय. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोडगे पलटवा लागतीन," असं पुटपुटत मागच्या बाजूला गेले. टेस्टर खिशातच होता.

मीनल रविवारी दहाला गेली. फाटक लावून काका थेट आमच्या दारात आले. हातात सोसायटीच्या कपाटातलं रजिस्टर. पान उघडलेलं, पेनचं टोपणही काढलेलं.

"थो ठराव लिहून टाका, बाई. मीनल पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हनते."

मी रजिस्टर घेतलं आणि लिहायला लागले. काका दाराला टेकून, मान वाकडी करून एकेक अक्षर बघत होते. मी खाली सही करायला गेले तर त्यांनी हळूच बोट पानावर ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "तारीख मागची टाका."