नाव घेतलं की येतो

मंदाकाकूंच्या देखत लांडग्याला लांडगा म्हणायची सोय नाही. "तो" म्हणायचं, फारच अडलं तर "ते जनावर". नाव घेतलं की येतो, असं त्यांचं म्हणणं. सापाला "लांबडं" आणि वाघाला "मोठा". शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये वाघ कुठून येणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला काय व्हिसा लागतो?"



काकू आमच्या शेजारी राहतात. उभी हयात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, पण जिभेवरचा पहारा मात्र थेट आजोळचा. दिवा विझवायचा नाही, मोठा करायचा. दुकान बंद होत नाही, वाढवतात. याच न्यायाने काकू रोज संध्याकाळी कॉम्प्युटरही "वाढवतात". आणि त्यांच्या दारातून "काकू, जातो" म्हणून निघालात, तर बखोट धरून परत आणतील. "येतो म्हण!"

नवऱ्याचं नाव तर विचारूच नका. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या, की काकूंना नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. एकदा मोठ्या दुकानात काका हरवले. काकूंनी "अहोऽ" म्हणून हाक मारली, तर चार देशी नवरे दचकून वळले. काका सोडून! ते पलीकडे निवांत टॉर्च बघत उभे होते.

काका डॉक्टर. त्यांची हौस एकच. भर हिवाळ्यात यलोस्टोनच्या जंगलात जायचं आणि त्या जनावराची आरोळी ऐकायची. दरवर्षी बुकिंग व्हायचं, दरवर्षी कुणीतरी पेशंट सीरियस व्हायचा आणि ट्रिप कॅन्सल. शेवटी रिटायर झाले, तिकिटं काढली. त्याच आठवड्यात सकाळी "जातो गं" म्हणून बर्फ उपसायला बाहेर पडले, आणि ड्राइव्हवेवरच गेले. "येतो म्हणा, असं सांगायला मी दारापर्यंत आले होते रे," काकू म्हणाल्या.

वर्ष सरलं आणि एक दिवस काकू आमच्याकडे येऊन बसल्या. "यांचं तेवढं राहिलंय. मी ऐकून येते. मला घेऊन चला." नाही कोण म्हणणार? मी, माझी बायको मुग्धा आणि काकांची कानटोपी घातलेल्या काकू, असे आम्ही निघालो. २००६ची ही गोष्ट.

खरं सांगतो, ती जागा माणसांची नाहीच. जमिनीतून वाफा निघतात, त्या झाडांवर गोठतात, आणि झाडं पांढरे अंगरखे घालून रस्त्याकडे बघत उभी राहतात. जवळच कुणीतरी जोरात श्वास सोडतं. दिसत काही नाही. मग धुक्यातून गव्याचं बर्फाळ डोकं पुढे येतं आणि मुग्धा माझा दंड असा दाबते की तो निळा पडतो. मी थंडीला शिव्या घालत होतो, तेवढाच काय तो ओळखीचा आवाज.

रोज तिथल्या लमार खोऱ्यात उजाडायच्या आत पोचायचं, दुर्बिणवाल्या गोऱ्यांशेजारी उभं राहायचं, दुपारी हात हलवत परतायचं. हरणाची बरगडी दिसली, तिच्यावर बसलेला डोमकावळा दिसला, तो मात्र नाही. एकदा टेकाडावर चढून खाली आलो, तर येताना उमटलेल्या आमच्याच पावलांवर ताजी पावलं. कुत्र्याची म्हणावीत तर माझ्या तळहाताएवढी. आमच्या मागून कुणीतरी अर्ध्या वाटेपर्यंत येऊन गेलं होतं. उसनं अवसान आणून मी म्हटलं, "काकू, तुम्हीच नाव घ्या बघू. येईल धावत!"

"चेष्टा नको रे," त्या हळूच म्हणाल्या. पण त्या पावलांपासून हलल्या नाहीत.

शेवटच्या सकाळी खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं. दुर्बिणवालेही कंटाळून पांगले. दुपारचं विमान होतं. मुग्धा म्हणाली, "काकू, चला ना. पुन्हा येऊ कधीतरी."

काकू रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या. "नाव घेतलं की येतो," स्वतःशीच म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता आयुष्य कमी होण्याची भीती तरी कुणासाठी बाळगायची?"

त्यांनी हातमोजे काढले. ओठांभोवती तळवे धरले. आता लांडग्याचं नाव घेणार, म्हणून मी श्वास रोखला.

"केशऽऽव!"

काकांचं नाव केशव. क्लिनिकच्या पाटीवर वाचून मला ठाऊक होतं. काकूंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

धुक्याने हाक गिळली. कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग, अगदी जवळून, एक लांबच लांब सूर उठला. चढत गेला, थरथरला, उतरला. त्याला पलीकडून दुसरा मिळाला, मग तिसरा, आणि सगळं खोरंच गळा काढल्यासारखं घुमलं. मुग्धा रडायलाच लागली.

काकूंनी शांतपणे चष्मा पुसला, कानटोपी कानांवरून वर सरकवली आणि शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"अहो म्हटलं की कधी ऐकूच यायचं नाही यांना," त्या म्हणाल्या. "आज बघा, पहिल्या हाकेला ओ दिली."