कुऱ्हाड, निलगिरी आणि वकीलबाईंची कमाई

सोन्याच्या खाणींच्या मुलखात वकील किती कमावतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर अगदी योग्य माणसाकडे आलात! मी देल्फिना चिलोन. आमच्या डोंगरातल्या गावातली पहिली वकील. काहामार्का शहरात माझं स्वतःचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे न्हाव्याच्या दुकानामागची खोली. अशिलाला न्हाव्याच्या खुर्चीला वळसा घालून आत यावं लागतं, आणि काही जण वाटेतच दाढी करून परत जातात. पण ऑफिस माझं आहे! आणि बोलण्याचं म्हणाल, तर न्यायाधीशाची जांभई अर्ध्यात थांबवायची ताकद माझ्या जिभेत आहे.

अशा बाईला स्वतःच्या आईला एक वाक्य सांगता येऊ नये? "आई, मी खाणीत नोकरीला नाही." बस्स, एवढंच वाक्य. पण वर्षभर ते नुसतं तोंडात घोळत राहिलं होतं.

झालं होतं असं, की पदवी मिळाल्यावर खाणीचं काम करणाऱ्या एका बड्या वकिलाकडे मी तीन महिने फायली लावल्या. आईने ते गावभर सांगितलं. पुढे मी तिथून निघाले, पण गावातली बातमी काही तिथून निघाली नाही. आईचा हिशेब सरळ होता. डोंगरातून सोनं निघतं, ते वकिलाच्या टेबलावरून जातं, आणि जाता जाता थोडं तरी सांडतंच!

हेही चाललं असतं हो. पण कार्निव्हलच्या आदल्या दिवशी शेजारच्या एर्मेलिंदाकाकूचा फोन आला.

"काय गं देल्फी, तुझी आई सोमवारी पालोमाला बाजारात विकतेय. म्हणते, लेक खाणीची वकील, आता मी कशाला गाई पिळू?"

पालोमा ही आईची शेवटची गाय. आधीच्या दोन माझ्या शिक्षणात गेल्या. माझ्या पदवीच्या कागदाला अजून शेणाचा वास येतो असं मला वाटतं. पालोमाच्या दुधाचं चीज विकून आई जगते, आणि तीच गाय ती माझ्या पगाराच्या भरवशावर विकायला निघाली होती. तो पगार कुठे होता? तुम्हाला सापडला तर मलाही कळवा!

ठरलं. रविवारी गावी जायचं, आईला बाजूला घ्यायचं, वाक्य बोलायचं, उन्शाच्या, म्हणजे सणाच्या झाडाभोवती एक फेरी नाचायचं आणि परत. पाच मिनिटांचं काम!

सणामुळे बसला पाय ठेवायला जागा नव्हती. पण माझ्याकडे गाडी होती. अब्सालोन नावाचा माझा एक अशील खाणीला पिकअप भाड्याने देतो. पोलिसांनी अडकवलेली त्याची एक पिकअप मी सोडवून दिली होती. फी मागितली तेव्हा त्याने खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाला, "वकीलबाई, आठवडाभर गाडीच वापरा!" पांढरी पिकअप, टपावर दिवे, आणि मागे उंच काठीला केशरी झेंडा. खाणीतल्या राक्षसी ट्रकांखाली गाडी चिरडू नये म्हणून तो झेंडा लावतात. आमच्याकडे मात्र रस्त्यावर तो फडकला, की लोक समजतात पैसा आला.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

गावात शिरले तेव्हा पोरं एकमेकांवर रंग आणि पाणी फेकत होती. झेंडा दिसताच सगळ्यांचे हात हवेतच थांबले. सणातली सर्वांत मोठी हॅट घालून आई पुढे आली.

"पाहिलंस एर्मेलिंदा? कंपनीची गाडी!"

"आई, ऐक ना, ही गाडी माझी..."

"तिचीच! ऐकलंत? तिची स्वतःची!"

"नाही गं, ही मला फीमध्ये..."

"फीमध्ये गाडी मिळाली!" आई ओरडली. बँडवाल्यांनी ताबडतोब ढोल बडवला.

तेवढ्यात तेओफिलोकाका आले. गेल्या वर्षी उन्शाचं झाड त्यांच्या घावाने पडलं होतं. आमच्याकडे नियमच तसा. कार्निव्हलला निलगिरीचं झाड आणून चौकात रोवायचं, त्याला बादल्या, घमेली, ब्लँकेटं, पाव, फळं टांगायची, आणि जोडीजोडीने नाचत एकेक घाव घालायचा. ज्याच्या घावाने झाड पडेल, पुढच्या वर्षीचं झाड, त्यावरचं सामान, बँड आणि गावाला पुरेल एवढी चिचा, म्हणजे मक्याची दारू, सगळं त्याच्या अंगावर! काकांनी त्यासाठी बैल विकला होता. ते ज्या प्रेमाने माझ्याकडे बघत होते, तसं माझ्याकडे आजवर कुणीही बघितलेलं नाही.

"पोरी, फुटबॉलच्या संघाला शर्ट नाहीत. तू शर्टांची धर्ममाता हो, म्हणजे खर्च तेवढा तुझा."

"काका, खरं सांगायचं तर..."

"होईल की!" आई म्हणाली.

मग मी शाळेच्या कपाटाची धर्ममाता झाले. मग देवळाच्या घंटेच्या दोरीची. मग एर्मेलिंदाकाकूच्या नातवाच्या पहिल्या केशकर्तनाची. त्याला अजून पुरेसे केसही नव्हते! दुपारपर्यंत इतकी धर्मलेकरं झाली, की मला बाळंतपणाची रजा मिळायला हवी होती.

"आई, जरा इकडे ये. महत्त्वाचं बोलायचंय. पालोमाला विकू नकोस."

"का? तुझ्याकडे आहे ना!"

"नाही गं माझ्याकडे! माझ्याकडे काहीही..."

"देल्फी! वकीलबाई! कुऱ्हाड!" चौकातून आरोळी आली, आणि तेओफिलोकाकांनी मला हाताला धरून नाचत नाचत ओढत नेलं.

मी झाड बघितलं. सकाळपासून गाव त्यावर घाव घालत होतं. पण मोठमोठे गडी नुसती सालीला गुदगुली करत होते, कारण पुढच्या वर्षीचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता. बुंधा मात्र बराच आतपर्यंत खाल्ला गेला होता, आणि सगळी माणसं एक पाऊल मागे सरून उभी होती. सगळं माझ्यासाठी शिजत ठेवलं होतं!

पण मी वकील आहे. मी इतक्या हलक्या हाताने घाव घातला, की लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं. कुऱ्हाडीचं पातं जेमतेम आत रुतलं. झाड हललंही नाही! मी गर्दीकडे वळून हॅट काढली आणि झुकून नमस्कार केला.

"कुऱ्हाड तर काढ बाई," काका म्हणाले. "पुढच्या जोडीला लागेल."

मी काढायला गेले. ती निघेना. मी पाय टेकवून जोरात ओढली.

कडाड्‌!

झाड सरळ पिकअपच्या दिशेने आलं. बुंधा गाडीच्या शेजारी आपटला, पण शेंड्याच्या फांद्या गाडीवर बसल्या, केशरी झेंड्याची काठी मोडली, आणि सगळं गाव बादल्यांवर तुटून पडलं. कुणी टपावर, कुणी बॉनेटवर! एर्मेलिंदाकाकू दोन्ही काखांत घमेली घेऊन स्टिअरिंगवर कशी पोचली, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

"पडलं! वकीलबाईंच्या हातून पडलं!" काका आनंदाने नाचायला लागले.

"हरकत आहे!" मी बुंध्यावर चढले. "नियम काय? घावाने पडलं पाहिजे. माझ्या घावाने नाही पडलं, कुऱ्हाड ओढल्याने पडलं! शिवाय सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी मिळून ते आधीच अर्धमेलं केलेलं. मग जबाबदारी सगळ्यांची!"

लोक कान देऊन ऐकत होते. मला चेव आला.

"आणि समजा, माझ्याच हातून पडलं. जिला देणं शक्य नाही, तिच्याकडून कोणता कायदा मागू शकतो?"

"शक्य नाही?" काका हसले. "खाणीच्या वकिलाला? मग सांग की, कमावतेस किती!"

बँडवाल्याने तुतारी खाली ठेवली. आईची हॅट माझ्याकडे वळली. तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. तो फुललेला चेहरा बघून मला रडू यायला लागलं. पण सोमवार उद्यावर आला होता.

"मी खाणीत नाही," मी म्हणाले. "वर्ष झालं. माझं ऑफिस न्हाव्याच्या दुकानामागे आहे. गेल्या महिन्यात मला फी म्हणून अकरा कुय मिळाले, एक गादी मिळाली आणि ही गाडी आठवड्यासाठी मिळाली. पैसे घरभाड्यापुरते. आई, मला माफ कर. पालोमाला विकू नकोस."

आई हळूहळू पुढे आली. आज कार्निव्हलच्या रविवारी, अख्ख्या गावासमोर, कानाखाली बसणार, याची मी तयारी केली.

"अकरा कुय?" आई म्हणाली. कुय म्हणजे आमच्याकडे सणाला भाजून खातात ते गिनीपिग.

"हो."

"गुबगुबीत?"

"हो, बऱ्यापैकी."

"अकरा गुबगुबीत कुय मिळाले, आणि भाजायला म्हणून आईसाठी एकही आणला नाहीस?"

"आई, मला वाटलं तू..."

"एक गं! निदान एक!" ती इतकी चिडली होती, की खाण वगैरे तिच्या गावीही नव्हती. मग तिने माझ्या तोंडावरचा रंग शालीच्या टोकाने पुसला आणि गर्दीकडे बघून म्हणाली, "पालोमा उद्या बाजारात जाणार नाही. वकिलाच्या घरात एकीची तरी कमाई पक्की हवी."

मी तिच्या गळ्यात पडले. खरं सांगते, इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तेओफिलोकाका मात्र कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"म्हणजे तू खाणीची नाहीस?"

"नाही, काका."

"अगं मग आधी सांगायचं नाही का! खाणीच्या ठेकेदाराने माझ्या शेतातून रस्ता नेला, भरपाई नाही दिली. तुझ्याकडेच येणार होतो. पण खाणीविरुद्धची तक्रार खाणीच्याच वकिलाकडे कशी न्यायची?"

"माझंपण!" मागून एकजण ओरडला. "तीन महिन्यांची मजुरी अडकलीय!"

"आणि आमच्या पाटाचं पाणी!"

"आणि माझा भाऊ!" एर्मेलिंदाकाकूने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "त्याने बांध सरकवलाय!"

मी बुंध्यावरच बसले आणि ऐकत गेले. अंधार पडेपर्यंत माझ्याकडे इतकी कामं जमली, की न्हाव्याला खुर्ची हलवायला लागणार होती. शर्ट, कपाट, घंटेची दोरी सगळं माफ झालं. फक्त त्या नातवाचे केस मला कापायलाच लागले, होते तेवढे.

"आता फीचं बोलू," मी धीर करून म्हणाले.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मग तेओफिलोकाकांनी मांडीवर थाप मारली.

"पुढच्या वर्षीचं झाड तुझंच ना? तेवढं तर तुला सुटणार नाही. मग आम्ही सगळे आपापली फी झाडालाच टांगू! कुणी ब्लँकेट, कुणी बादली, कुणी पाकिटात पैसे. तुला सामान विकत आणायला नको, आणि आम्हाला आज रोख काढायला नको!"

काय डोकं! टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. काकांशी हात मिळवला, चिचा प्यायले, सगळ्या अशिलांना मिठ्या मारल्या, आणि झेंडा मोडलेल्या गाडीतून गाणी म्हणत शहराकडे निघाले.

घाटातलं शेवटचं वळण घेताना माझ्या लक्षात आलं, की झाडावरचं सामान ज्याच्या हाती लागेल त्याचं असतं.

तेव्हा खाणीच्या मुलखात वकील किती कमावतो, याचं पक्कं उत्तर मी तुम्हाला पुढच्या कार्निव्हलनंतरच देऊ शकेन. तो किती उंच उडी मारतो, त्यावर ते आहे. मी रोज सकाळी न्हावी यायच्या आत दोरीवरच्या उड्या मारते, आणि परवा माझी बोटं पहिल्यांदाच छताला लागली!