जिलेबीच्या पुड्यावरचा निरोप

"हे पुस्तक वाचून सगळं बुऱ्हाणपूर रडेल!" मोतीरामभाऊंनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं.

"मी तर आत्ताच रडली, पप्पाजी," सून पूनम म्हणाली. "किती मोठं आहे ते!"

मोतीरामभाऊंनी तीस वर्षं नेपानगरच्या कारखान्यात कागद बनवला, पण त्यावर लिहायची पाळी कधी आली नव्हती. निवृत्त होऊन लोधीपुऱ्यात घर केलं आणि दोनच वर्षांत बायको, इंदुबाई, गेली. तेव्हापासून ते रोज पहाटे तापीच्या राजघाटावर डोळे मिटून बसत. त्यातून निघालं हे पुस्तक, 'पलीकडचे निरोप'! गेलेल्या माणसांशी कसं बोलावं, याचे धडे सुरुवातीला. पुढे तापीकाठी इंदुबाईंनी म्हणे स्वतः सांगितलेले एकशे बारा निरोप, एका कागदावर एक.

"पण आई असं कधी बोलत होत्या?" पूनमने एक पान वाचून दाखवलं. "'प्राणनाथ, मी अनंतात विलीन होऊनही आपल्या समीप आहे.' आई तर तुम्हाला 'दीपकचे पप्पा' म्हणायच्या!"

"वर गेल्यावर भाषा सुधारते," भाऊ म्हणाले आणि त्यांनी बशीत तोंड घातलं.

खरं सांगायचं तर घाटावर एक अक्षरही आलं नव्हतं. कधी म्हशी आल्या, कधी कपडे धुणाऱ्या बाया आल्या. इंदुबाई काही आल्या नाहीत. सगळे निरोप भाऊंनी स्वतःच लिहिले होते. कारण त्यांना एकच निरोप हवा होता. गेल्या नवरात्रात इंदुबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, साखर भलतीच वाढलेली. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "देवरामकडची गरम मावा जिलेबी आणा ना. अर्धीच खाईन." भाऊ खेकसले, "मरायचंय का तुला?" चौथ्या दिवशी त्या गेल्या. तेव्हापासून भाऊंना गोड गिळवत नव्हतं. सत्तेचाळिसाव्या पानावर त्यांनी इंदुबाईंकडून वदवून घेतलं होतं, 'शेवटी मागितलेलं दिलं नाही म्हणून झुरत बसू नका. माझी काही तक्रार नाही.'

आता कच्चं लिखाण कुणाला तरी दाखवायला हवं. भाऊंनी निवडलं देवराम जिलेबीवाल्याला. देवराम रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा. असा वाचक कुठे मिळणार?

इथेच घात झाला! भाऊंच्या घरी कारखान्यातल्या जुन्या कोऱ्या कागदाचे गठ्ठे पडलेले होते. दर सणाला त्यातला एक गठ्ठा ते देवरामला पुडे बांधायला नेऊन देत. पुस्तकही त्याच कागदावर लिहिलेलं, एकाच बाजूला. आणि धूळ बसू नये म्हणून लिहिलेली बाजू खाली, ही कारखान्यातली सवय!

दुकानापुढे सणाची ही गर्दी. भाऊ ओरडले, "देवराम, हे बघून ठेव! संध्याकाळी येतो!"

"रखा भाऊ तिथं! बडा उपकार झाला, कागद संपूनच राहिला होता!"

उपकार कसला, हे भाऊंनी विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण लेखकाला आपली स्तुती कानावर पडली की पुढचं ऐकू येत नाही.

संध्याकाळी ते नवा सदरा घालून गेले. "कसं वाटलं?"

"काय?"

"पुस्तक!"

"कोणतं पुस्तक?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पाव किलो जिलेबी घेऊन शेजारून गेलं. पुड्यावर भाऊंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'धडा पहिला'.

भाऊंनी फळीकडे पाहिलं; गठ्ठ्यातला एक कागदही उरला नव्हता. एकशे बाराही निरोप गावात पोचले होते, गरमागरम!

दुसऱ्या दिवशी गल्लीतला टेलर दारात हजर. "भाऊ, तुमचे 'प्राणनाथ' माझ्या पुड्यावर निघाले! बायको विचारते, कोण ही तुमच्या समीप? कालपासून चूल बंद आहे!" भाऊंनी टेलरच्या घरी जाऊन, कान धरून, निरोपातली ती आपलीच बायको असल्याचं कबूल केलं.

घरी परततात तो ओट्यावर शेजारच्या उषाबाई बसलेल्या. हातात तुपकट कागद, नीट चार घड्या घातलेला. सत्तेचाळिसावं पान.

"भाऊ, आमचे हे जाताना चहा मागत होते. डॉक्टरनं मना केला होता, म्हणून मी नाही दिला. एक घोट, भाऊ! सहा साल झाले, चहा करताना हात थरथरतो." त्यांनी कागद पुढे धरला. "हे खरंच तिकडून आलं का?"

'बाई, हे मीच लिहिलंय,' हे शब्द भाऊंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी उषाबाईंच्या हाताकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "तिकडूनच आलं."

उषाबाई पदरात तोंड लपवून रडल्या, कागद छातीशी धरून घरी गेल्या. भाऊ तिथेच बसून राहिले. सगळ्या गावाला निरोप मिळाला होता. तेवढा त्यांनाच मिळाला नव्हता.

जेवायच्या वेळी देवरामने माफीदाखल जिलेबी पाठवली. पूनमने पुडा समोर ठेवला. भाऊंनी तो दूर सारला, आणि इतके दिवस कुणाला न सांगितलेलं सुनेला सांगून टाकलं. जिलेबी, खेकसणं, चौथा दिवस, सगळं.

"ती काय म्हणाली असती गं, पूनम?"

पूनमने पुडा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग सासूसारखाच पदर खोचून म्हणाली, "काय हो दीपकचे पप्पा, मरू द्या ना ती जिलेबी! तुम्ही जेवले का आधी, ते सांगा."

भाऊ लहान पोरासारखे रडले. ही इंदू! घाटावर इतक्या पहाटा ज्या आवाजाची वाट पाहिली, तो स्वयंपाकघरातच होता.

"थांब, थांब, हे लिहून घेतो!" ते डोळे पुसत उठले. "कागद दे!"

"कागद नाहीत, पप्पाजी. पुन्हा पुस्तक नको म्हणून मी सकाळीच सगळे गठ्ठे देवरामकडे पोचवले."

भाऊंनी जिलेबी ताटात काढली आणि पुड्याचा कागद सपाट केला. तुपावर पेन चालत नाही, हे तीस वर्षं कागद बनवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी ते 'जेवले का' एवढंच पुन्हा पुन्हा गिरवत राहिले, आणि जेवण निवून गेलं.