प्रोसेसर यायचा आहे

एखादी वस्तू घ्यायची असली की तिच्यातले काही न कळणाऱ्या माणसांचा सल्ला आधी घ्यावा, हे सुसंस्कृत कुटुंबाचे लक्षण आहे. ज्याला कळते तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. त्याचा चहासुद्धा निवत नाही. ज्याला कळत नाही तो मांडी ठोकून बसतो, साडूच्या मुलाचा दाखला देतो आणि जाताना 'घाई करू नका' असे बजावून जातो. आपुलकी म्हणतात ती हीच.

माझी पुतणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा ही आपुलकी दाखवण्याची संधी आम्हाला मिळाली. तिला एका पुलाचा संपूर्ण आराखडा संगणकावर करायचा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साठ मुले आणि चालू स्थितीतले अकरा संगणक (पैकी एकाला माऊस नाही), आणि पाच वाजता कुलूप. सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी आराखडा दिला नाही तर वर्ष वाया. म्हणून तिने वहीच्या अर्ध्या पानावर सुट्या भागांची यादी केली. कोणता मदरबोर्ड, त्यावर बसणारा कोणता प्रोसेसर, रॅम किती, कुठे जुना माल चालेल आणि कुठे चालणार नाही, असे सगळे लिहून खाली बेरीज मांडली होती. ती दादाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, ऐपतीपेक्षा जराशीच बाहेर जात होती.

"बाबा, एवढंच लागतं," ती म्हणाली. "फक्त यातलं काही बदलू नका. सगळं एकमेकांत बसायला पाहिजे."

यादी इतकी नेटकी होती की ती वापरून खराब करणे कोणाच्याच जिवावर येईना. मी ती लॅमिनेट करून आणली. मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात सव्वीस वर्षे आहे, कागद जपावा कसा हे मला कळते. यादी भिंतीवर लावली आणि तिच्याखाली बसून आम्ही संगणक खरेदी समिती स्थापन केली.

समितीचे नियम तीनच होते. पहिला: प्रत्येक सदस्याने एक भाग स्वखर्चाने आणावा. (अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमचे अंथरूण आखूड होते, म्हणून आम्ही पायच सात जणांत वाटून घेतले.) दुसरा: मोठ्या माणसाने आणलेल्या भागाला नावे ठेवू नयेत. तिसरा: जो कोणी न विचारता सल्ला देईल, मग तो तोंडाने असो वा मनातल्या मनात, तो आपोआप सदस्य समजला जाईल व त्याला नियम एक लागू होईल. या तिसऱ्या नियमाने आमच्या इमारतीच्या लिफ्टचा मेकॅनिकसुद्धा सदस्य झाला. त्याने एक माऊसपॅड दिला. तेव्हापासून तो आमच्या मजल्यावर थांबायला नको म्हणून जिन्याने येतो.

पहिला भाग माझ्या थोरल्या बहिणीने आणला. ताईने कॅबिनेट निवडली, कारण सगळे भाग ज्या पेटीत बसतात ती पेटीच लोकांना दिसते. पांढरीशुभ्र, काचेच्या दाराची, नाजूक. "पोरीच्या खोलीत जागा तरी कुठे आहे?" असे म्हणून तिने दुकानातली सर्वांत लहान घेतली. दादाने मदरबोर्ड आणला. यादीतलाच आणायचा होता, पण दुकानदाराने शोकेसमधला मोठा, जुन्या पिढीचा बोर्ड निम्म्या किमतीत देऊ केला आणि दादाला 'निम्म्या' हा शब्द सोडवत नाही. तो कॅबिनेटपेक्षा दोन बोटे लांब निघाला. वहिनीच्या भावाने, म्हणजे पुतणीच्या मामांनी, रॅम आणली. ती अगदी नव्या पिढीची होती आणि तिच्यात सात रंगांचे दिवे लागत. दादाच्या बोर्डात ती जाईना, कारण खाच जराशी इकडची तिकडे होती. मामांचे म्हणणे पडले की खाच बोर्डाची चुकली आहे. आमच्या वडिलांनी वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारी बॅटरीची पेटी आणली. वजन अकरा किलो. तिच्यावर एक छोटे इस्पितळ चालले असते. "कॉम्प्युटर आज आहे, उद्या नाही," ते म्हणाले, "ही मात्र माझ्या पश्चातही चालेल."

प्रोसेसर आणणे माझ्याकडे होते. संगणकाचा मेंदू तो, तेव्हा तो घरातल्या अभ्यासू माणसाकडेच यायचा. मी चार महिने किमतींचा अभ्यास केला. त्यातून असे दिसले की पुढच्या महिन्यात नवा प्रोसेसर येतो व त्यामुळे जुना स्वस्त होतो, म्हणून थांबावे. पुढचा महिना आल्यावर त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी नवा येणार असतो. म्हणून पुन्हा थांबावे. या पद्धतीने मी एकदाही जास्त किंमत मोजलेली नाही.

चार महिन्यांअखेर समितीचे कार्य असे होते: बैठका नऊ, ठराव बावीस, चहा एकशे चार कप, आलेले भाग अकरा, एकमेकांत बसलेले भाग शून्य. सदस्यसंख्या मात्र सातवरून चौदावर गेली होती. संगणकाची इतकी सर्वांगीण प्रगती मी तरी पाहिलेली नाही.

नवव्या बैठकीत पुतणी दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना शाई होती. पुलाचे अर्धे काम ती हातानेच कागदावर करत होती.

"काका, शेवटच्या शुक्रवारला एकोणीस दिवस राहिले. प्रोसेसर कधी?"

"पुढच्या महिन्यात भाव उतरणार आहे," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात मी नापास झालेली असेन."

तिच्या म्हणण्याची नोंद घेण्यात आली. ती भिंतीवरच्या यादीकडे बघून म्हणाली, "बरं, सगळे भाग माझ्याकडे द्या. जोडता येतात का बघते." समितीने आनंदाने जोडणी-उपसमिती नेमली आणि तिच्यावर तिला एकटीलाच घेतले. (वहिनी तिच्याबरोबर रिक्षात बसून गेली, पण वहिनीला कोणी सदस्य केलेले नव्हते. तिने चार महिन्यांत एकही सल्ला दिला नव्हता.)

पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावणे आले. पुतणीच्या टेबलावर ताईची पांढरी कॅबिनेट होती, तिच्या काचेतून सात रंग फिरत होते, शेजारी पडद्यावर पूल उभा होता. माऊस फिरवला की पूलही वळत होता. मामांनी दारातूनच ओळखले. "ती बघा माझी रॅम," ते म्हणाले. दादा बराच वेळ काचेत डोकावून आपला बोर्ड शोधत होता आणि तो दिसत नाही म्हणजे चांगला घट्ट बसला असणार, असे त्याने ठरवले. वडिलांनी अकरा किलोंवर हात फिरवला.

"पण खरी कमाल प्रोसेसरची," ताई म्हणाली. "थांबलास, पण काय आणलास!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रोसेसर मी अजून घेतलेला नव्हता. हे त्या खोलीत मला ठाऊक होते आणि बहुधा पुतणीला. मी नम्रपणे हसलो. एवढ्यात माझ्या खिशातले पेन पडले आणि गडगडत टेबलाखाली गेले. मी वाकलो. तिथे जुन्या टॉवेलखाली एक काळा, ओरखडलेला, कुठल्या तरी कार्यालयातून मोडीत काढलेला संगणक मन लावून घुरघुरत होता. त्याच्या पाठीवर दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी होती: 'रॅम व मदरबोर्डच्या बदल्यात. जुनी रॅम दुप्पट करून दिली.' वरच्या पांढऱ्या कॅबिनेटमध्ये दिव्यांच्या पट्टीखेरीज काही नव्हते.

डोके वर काढले तेव्हा पुतणी माझ्याचकडे बघत होती.

"सापडलं का काका?"

"सापडलं," मी म्हणालो आणि टॉवेल नीट केला.

इतिवृत्तात भावना नोंदवण्याची पद्धत नाही, म्हणून ही बाब कंसात देतो. (फार लाज वाटली.)

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी पूल वेळेवर सादर झाला आणि वर्गात दुसरा आला. सोमवारी समितीची दहावी बैठक होऊन तिने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला व धाकट्या पुतण्याच्या संगणकासाठी स्वतःला मुदतवाढ दिली. ठराव माझ्याच अक्षरात आहे. पुतणी त्या धाकट्याला म्हणाली, "यादी करू नकोस. लॅमिनेट होईल." वहिनीने सगळ्यांना चहा दिला.

आता वाचकांविषयी. वर कॅबिनेट, बोर्ड आणि रॅमचे वाचत असताना आपण मनातल्या मनात म्हणालात, "एवढा उपद्व्याप कशाला? सरळ लॅपटॉप घ्यायचा होता." काहींनी तर कोणता घ्यावा हेही ठरवले, आणि आपल्या साडूच्या मुलाकडे तोच आहे हेही आपल्याला आठवले. नियम तीन आपल्याला आरंभीच वाचून दाखवला होता. त्यानुसार सदस्य क्रमांक पंधरा म्हणून आपले नाव आवक नोंदवहीत घेतले आहे, आणि प्रोसेसर आणण्याचे काम माझ्याकडून आपल्याकडे वर्ग करण्यात आले आहे.

घाई करू नका. पुढच्या महिन्यात उतरणार आहे.