सातव्या वर्षाची सात मिनिटं

"चारच्या ठोक्याला मुखपृष्ठ हातात पडलं नाही, तर स्मरणिका पुढच्या वर्षीच्या शर्यतीला वाटा!" छापखानेवाल्यानं फोनवर तिसऱ्यांदा बजावलं. घड्याळजी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले आणि बसल्याबसल्याच पुन्हा उठले. दुकानाच्या भिंतीवरची अकरा घड्याळं शांतपणे टिकटिकत होती. घरात अस्वस्थ होतं ते फक्त बारावं यंत्र, म्हणजे स्वतः घड्याळजी.

पंचक्रोशीतल्या सायकल शर्यतींचं हे पन्नासावं वर्ष. पहिल्या वर्षापासून वेळ घड्याळजींनीच मोजलेली, म्हणून इतिहास लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. सकाळी सात वाजता कारखान्याचा भोंगा वाजला की शर्यत सुटायची, आणि त्याच क्षणी घड्याळजींचा अंगठा स्टॉपवॉचवर पडायचा. वेळ फक्त पहिल्या नंबराचीच नोंदवायची, असा रिवाज. पन्नास वर्षांत एका सेकंदाची चूक नाही, हे ते स्वतः सांगत नसत. लोकच सांगत, आणि ते ऐकत बसत.

आजवरचा विक्रम सातव्या वर्षाचा. चाळीस किलोमीटर, अठ्ठावन्न मिनिटं. वीर कोण, तर घड्याळजींचे सख्खे मेहुणे, तुफानदादा. आता त्यांचं टायरचं दुकान होतं आणि एक टायर पोटाभोवतीही होता. मुखपृष्ठासाठी त्यांनी सकाळीच दुकानातला फोटो चौकटीसकट पाठवून दिला होता. शेवटच्या रेषेवर हात उंचावलेले दादा आणि मागं चौकातला मनोरा. त्रेचाळीस वर्षं सगळ्यांनी दादांकडं पाहिलं, मनोऱ्यावरच्या घड्याळाकडं कुणी पाहिलं नव्हतं. घड्याळजींनी पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं!

भोंगा सातला. म्हणजे पासष्ट मिनिटं. मग अठ्ठावन्न कुठून आली?

मनोऱ्याचं घड्याळ चुकलं म्हणावं, तर त्याला दर रविवारी चावी देणारे हेच. स्टॉपवॉच चुकलं म्हणावं, तर अंगठा यांचाच. बरं, तेव्हा नेमकं काय झालं होतं? आठवता आठवता त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भोंगा वाजायच्या बेतात होता, तेवढ्यात पाणी वाटणारी एक मुलगी समोर येऊन म्हणाली होती, "जरा ही बादली धरता का?" त्यांनी धरली. दोन शब्द झाले. मग भान आलं, बादली ठेवून अंगठा दाबला. जेमतेम दहा सेकंद गेली असतील, असं त्यांना वाटलं होतं. ती मुलगी आता आत भांडी पुसत होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती.

घड्याळजींनी छापखान्यात फोन केला. "मुखपृष्ठावर फोटो नको. नुसतं चाक काढा."

छापखानेवाला तुफानदादांचं गिऱ्हाईक. पंधराव्या मिनिटाला दादा धापा टाकत दारात.

"जावईबापू, मला काढून चाक? मी काय मेलोय?"

"तसं नाही हो दादा. फोटो घेऊ की. फक्त वरचा मनोरा कापू."

"मनोरा कापला तर माझे हात नाही का कापले जाणार?"

"मग हातही कापू!"

"अगं ए, ऐकतेस का? तुझा नवरा माझे हात कापायला निघालाय!"

इतक्यात बाहेर सायकलची घंटी वाजली आणि पोस्टमन पत्र घेऊन आत आला. हा माणूस सलग बारा वर्षं शर्यतीत धावला होता. तिसाव्या वर्षी एकसष्ट मिनिटांत पहिला आला, आणि दादांचा विक्रम मोडणं आपल्याच्यानं जमणार नाही म्हणून त्यानं शर्यतीची सायकल विकून टाकली. तेव्हापासून पत्र देताना त्याचं एकच वाक्य.

"तीन मिनिटं कमी पडली बघा, काका." तो टेबलावरच्या फोटोवर वाकला. "काय पाय होते दादांचे! आणि मागं हा मनोरा..."

घड्याळजींनी झटकन मनोऱ्यावर तळहात ठेवला. पण त्या माणसाचा चेहरा इतका जवळ होता, आणि त्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, नुसती भक्ती होती. देवासमोर खोटं बोलणं एक वेळ जमेल. तो रागावला तरी आपल्याला दिसत नाही. या माणसासमोर कसं बोलणार? घड्याळजींनी हात उचलला.

"तुझं काही कमी पडलं नाही रे. मीच सात मिनिटं उशिरा अंगठा दाबला. विक्रम तुझा आहे. वीस वर्षं झाली, तुझाच आहे."

अकरा घड्याळांनी एकदम चारचे ठोके दिले. पोस्टमन मटकन स्टुलावर बसला. आता तुफान उठणार म्हणून घड्याळजींनी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडून पाहतात तर दादा बहिणीकडं बघताहेत आणि बहीण पदराला हात पुसत दारात उभी.

"माझ्याकडं काय बघतोस, दादा? सांगून टाक की."

"तेव्हाचा विक्रम पासष्टचा. मला त्याच्या आत यायचं होतं हो," दादा पुटपुटले. "म्हणून हिला म्हटलं, भोंग्याच्या वेळी त्या घड्याळवाल्याला जरा बोलण्यात गुंतव. अठ्ठावन्न ऐकलं तेव्हा मलाच घेरी आली. मग लोक टाळ्या वाजवत राहिले, आणि हळूहळू मलाही खरं वाटायला लागलं."

त्यांनी स्वतःचा फोटो काखेत मारला आणि पोस्टमनला दंडाला धरून उभं केलं. "चल, तुझ्या सायकलजवळ उभा राहा. मुखपृष्ठाचा फोटो काढायचाय. आणि पोट आत घे, ते लपत नाही, अनुभवाचं सांगतो!"

दोघं बाहेर गेले. घड्याळजी बायकोकडं बघत उभेच.

"म्हणजे ती बादली... ते सगळं दादानं शिकवलेलं?"

"दादानं दहा सेकंद सांगितली होती," ती म्हणाली. "बाकीची सहा मिनिटं पन्नास सेकंद माझी."

फोन खणखणला. "अहो, चारचा वायदा होता!" छापखानेवाला ओरडत होता. "चार वाजून सात मिनिटं झाली!"

घड्याळजींनी भिंतीकडं पाहिलं. अकराही घड्याळं तेच सांगत होती. त्यांना वाटलं होतं, जेमतेम दहा सेकंद गेली असतील.