चष्म्यातला सिनेमा

जहाजांच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवून पद्माकररावांचे कान अधू झाले होते. श्रवणयंत्रावर घरातलं बोलणं निभायचं. थिएटरात मात्र नुसता गलबला. ते राहायचे त्या परदेशी शहरात पडद्याखाली अक्षरं यायची ती चिनी. मग शैलाताई कानाशी लागून संवाद सांगायच्या आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. शेवटी दोघांनी सिनेमाला जाणंच सोडलं.

म्हणून त्यांची मुलगी इरा म्हणाली, "बाबा, एका थिएटरात खास चष्मा देतात. संवाद डोळ्यांसमोर इंग्रजीत उमटतात. आईला घेऊन जा."

सिनेमा एका नवरा-बायकोचा होता. अंधार झाला आणि पद्माकररावांच्या डोळ्यांसमोर हिरवी अक्षरं काजव्यांसारखी तरंगायला लागली. वकिलाच्या ऑफिसात बायको खिडकीबाहेर बघत होती. अक्षरं म्हणाली, 'समुद्र गोठला तरी मी इथेच उभी राहीन.' नवऱ्याने मान खाली घातली. 'मासे संपले. पण एक तुझ्यासाठी ठेवलाय.'

पद्माकररावांना गलबलून आलं. किती वर्षांनी कुणी त्यांच्याशी थेट बोलत होतं.

"झोपलात का?" शैलाताईंनी हलवून विचारलं.

"शू. ऐकतोय."

कोर्टात न्यायाधीशांनी कागदावर सही केली. 'बर्फ वितळायच्या आत घरी पोचा, लेकरांनो.' पद्माकररावांनी चष्म्याखालून डोळे पुसले.

बाहेर आल्यावर शैलाताई म्हणाल्या, "झाला बाई घटस्फोट एकदाचा. नुसती भांडणं."

"घटस्फोट कसला? त्याने शेवटचा मासा तिला दिला."

"कुठला मासा?"

तेवढ्यात थिएटरातली मुलगी धावत आली. "सॉरी अंकल, चष्म्यांची अदलाबदल झाली. तुम्हाला शेजारच्या हॉलचे संवाद दिसत होते. तिथे पेंग्विनचं कार्टून आहे. एक छोटी मुलगी तिकडे विचारतेय, पेंग्विनला वकील कशाला लागतो?"

पद्माकरराव ओशाळले. चष्मा काढून हातात धरून उभे राहिले.

"उद्याची दोन तिकिटं देते," मुलगी म्हणाली. "हाच सिनेमा नीट बघा, अंकल."

शैलाताईंनी पद्माकररावांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे वळल्या.

"येऊ की," त्या हळूच म्हणाल्या. "पण चष्मे दोन द्या. आणि दोन्ही असेच बिघडलेले."