लोखंडी गलबताच्या फिरत्या बुरुजाची हकीकत

॥ श्री ॥ दर्याचा जो धनी, त्यास प्रथम नमस्कार करून मग लेखणी उचलिली. शके सतराशें चौऱ्यायशीं, दुंदुभीनाम संवत्सरीं एका राज्याचीं दोन शकलें जाहलीं, उत्तरेचा दरबार आणि दक्षिणेचा दरबार, आणि भाऊबंदकी थेट दर्यावर आली. दक्षिणेच्यांनीं गलबतास लोखंडी पत्रे ठोकून उत्तरेचीं दोन लांकडी जहाजें एका दिवसांत बुडविलीं, आणि तिसरें पळतां पळतां चिखलांत रुतलें. त्यावर तीनशें असामी. भरती दुसरे दिवशीं दोन प्रहरीं येणार, तोंवर त्यांस कोणी राखावें? मग उत्तरेच्या दरबारानें आपलेंही लोखंडी गलबत रवाना केलें. तें तराफ्याऐसें सपाट, आणि मध्यें लोखंडी बुरूज, जो यंत्रानें गरगर फिरे. बुरुजांत सुभानजी गोलंदाज होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ कुसाजी त्या रुतल्या जहाजावर अडकला होता. भिंतीस भोक तोफेच्या तोंडापुरतेंच, आंतून बाहेरचें कांहीं दिसेना, सबब बुरुजाखालच्या न फिरणाऱ्या फळ्यांवर कारागिरांनीं चुन्याच्या खुणा केल्या होत्या, कीं पुढा कोणता आणि पिछाडी कोणती. परंतु गलबताचे सारंग, म्हणजे खलाशांचे नाईक, भिवाजी जुन्या चालीचे. लढाईपूर्वीं गलबत धुवावें ही त्यांच्या घराण्याची रीत, आणि त्यांनीं सकाळींच घागरी ओतून, काथ्यानें घासून, फळ्या लख्ख केल्या. मग लढाईस तोंड लागलें, बुरूज फिरला, आणि सुभानजी खालीं पाहतात तों खुणा नाहींत!

“सारंग, खुणा काय केल्यात?”

“कसल्या खुणा? चुना सांडला होता, तो धुतला,” सारंग तोऱ्यानें बोलिले.

“अहो, आतां गोळा कुणाकडे सोडूं? एका बाजूस माझा भाऊ आहे!”

सुभानजी बत्ती लाविनात. इतक्यांत शत्रूचा गोळा बुरुजावर ठण्णकन् आदळला. “वाजलें तिकडे दुश्मन! सारंग, खालच्या फळ्यांवर त्या बाजूस उभे राहा आणि हालूं नका!” ऐसें म्हणून सुभानजींनीं सारंगांच्या पागोट्याच्या रोखानें तोफ फिरविली आणि बत्ती दिली. बाहेर लोखंडावर लोखंड वाजलें, आणि सर्वांनीं आरोळी केली. मग जिकडे ठण्ण होई तिकडे सारंगांनीं धांवावें, आणि त्यांच्यामागें तोफेनें वळावें, ऐसें चाललें, आणि सारंगांचा तोरा घामाबरोबर उतरला. पुढें शत्रूस वाटलें, दारू फुकट जाते, आणि त्यानें मारा थांबविला. आवाज नाहीं, तर पत्ताही नाहीं. तेव्हां सुभानजी तोफेच्या भोकाशीं तोंड नेऊन ओरडले, “काय रे, दमलात? आमची आजी याहून जोरानें जातें ओढते!” शत्रू खवळला आणि पुन्हां मारूं लागला, तेणेंकरून मोठी सोय जाहली.

दोन प्रहरीं भरती चढली आणि रुतलें जहाज सुटून बंदरांत शिरलें, आणि दक्षिणेचें गलबतही कंटाळून घरीं गेलें. दोन्ही दरबारीं विजयाचे नगारे झडले. मग कुसाजी होडींतून आले आणि म्हणाले, “दादा, काय नेम तुझा! एक गोळा आमच्याकडे आला नाहीं.” सुभानजी त्यांच्या गळ्यांत पडून रडूं लागले. “बाबा रे, तूं कुठल्या बाजूस आहेस, हेंच मला सकाळभर ठाऊक नव्हतें.”

एकंदर मजकूर इतकाच, कीं दोन लोखंडी गलबतें सकाळभर भांडलीं, हारलें कोणीच नाहीं, आणि तीनशें असामी पंगतीस बसले, त्यांत कुसाजींनीं भात तीनदां घेतला.